विरजणातले लोह

सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली, तरी परभणी, जिंतूर, सेलू, मानवत येथील जैन घरांच्या स्वयंपाकघरांत एक काम उरलेले असते. तापवून कोमट केलेल्या दुधाला विरजण लावावयाचे असते. ज्या घरांत शोधाचा नियम काटेकोरपणे पाळला जातो तेथे कालच्या दह्याचा चमचाही चालत नाही. धुऊन वाळवलेला करवंटीचा तुकडा, एखादी मनुका किंवा चांदीचा रुपया दुधात सोडला जातो, पातेल्यावर झाकण पडते आणि घर निवांत होते. सकाळी दही तयार असते. रात्रभर त्या पातेल्यात काय घडले याचा हिशेब कोणी मागत नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र जगातील औषधशास्त्रज्ञ नेमका हाच हिशेब मागू लागले आहेत. दही, ताक, अंबवलेले पीठ यांचा उपयोग औषधाचे अतिसूक्ष्म कण शरीरात योग्य ठिकाणी पोहोचविण्यासाठी वाहन म्हणून करता येईल काय, असा त्यांचा प्रश्न आहे. या कणांना नॅनोकण म्हणतात. विषय प्रयोगशाळेतला वाटला तरी तो आपल्या घरातील लेकीसुनांच्या रक्तापर्यंत आणि दुकानदाराच्या फळीवरील डब्यापर्यंत येऊन पोहोचणारा आहे. म्हणून त्याची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

नॅनो हा शब्द व्यापारी मंडळींना नवा नाही. २००८ साली तो एका लहान मोटारीच्या निमित्ताने घरोघरी पोहोचला. २०२१ पासून इफ्कोच्या नॅनो युरियाच्या बाटल्या कृषी सेवा केंद्रांत दिसू लागल्या आणि ४५ किलोच्या गोणीचे काम ५०० मिलिलिटरची बाटली करील, या दाव्यावर कृषिशास्त्रज्ञांत अद्यापही मतभेद आहेत. शास्त्रात मात्र या शब्दाला ठरलेले माप आहे. एक मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी ढोबळमानाने ८०,००० नॅनोमीटर भरते. दही लावणारा जिवाणू एक ते काही हजार नॅनोमीटर लांबीचा असतो. सामान्यतः १ ते १०० नॅनोमीटरच्या दरम्यानच्या कणाला नॅनोकण म्हणतात. औषधांच्या बाबतीत ही मर्यादा थोडी सैल धरली जाते.

इतके लहान करून मिळते काय? मिळते ते क्षेत्रफळ. एक सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंची असलेला पदार्थाचा एक घनाकृती तुकडा घेतला, तर त्याच्या सहा बाजूंचे मिळून क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर होते. त्याच तुकड्याचे एक नॅनोमीटर मापाचे तुकडे करता आले, तर त्या सर्वांच्या बाजूंचे एकूण क्षेत्रफळ ६,००० चौरस मीटर भरेल. म्हणजे सुमारे दीड एकर. वजन तेवढेच राहिले, माल तेवढाच राहिला, पण त्याचा जगाशी संबंध येण्याची जागा तळहातावरून शेतावर गेली. पोटातील रसांना आणि आतड्याच्या आवरणाला पदार्थाशी व्यवहार करावयाचा असतो तो या पृष्ठभागावरच. म्हणून जो पदार्थ मोठ्या कणांच्या रूपात विरघळत नाही व अंगी लागत नाही, तो सूक्ष्म रूपात लागू शकतो.

आणि येथेच दह्याची मौज आहे. दुधातील केसीन हे प्रथिन निसर्गतःच १०० ते २०० नॅनोमीटरच्या आसपासच्या गोलकांत गुंडाळलेले असते. वासराला कॅल्शियम आणि फॉस्फरस पोहोचविण्यासाठी निसर्गाने बनविलेल्या त्या थैल्या आहेत. विरजण लागले, आम्लता वाढली, की या थैल्या एकमेकींना धरू लागतात आणि दूध घट्ट होते. दुधाला आलेली ही घडी म्हणजेच दही. नॅनोकणांच्या साहाय्याने पोषण पोहोचविण्याची कल्पना माणसाने काढलेली नाही. त्याने ती दुधाच्या भांड्यात पाहिली, एवढेच.

आता गरज कोठे आहे ते पाहू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्राचा आकडा ५४.२ टक्के होता. त्याआधीच्या सर्वेक्षणात तो ४८ टक्के होता. म्हणजे ताळेबंद सुधारण्याऐवजी बिघडला. हे केवळ दारिद्र्याचे लक्षण आहे असे समजून संपन्न घरांनी निश्चिंत राहण्याचे कारण नाही. ज्यांच्या ताटात तूप आहे त्यांच्याही रक्तात लोह कमी असू शकते. नेमगिरीच्या दर्शनाला गेल्यावर चढणीवर धाप लागते, ती वयामुळे, असे चाळिशीतली गृहिणी स्वतःच ठरवून टाकते आणि तपासणी राहून जाते.

शाकाहारी आहारातील लोह शरीरात शोषले जाण्यास कठीण असते. धान्यात आणि डाळींत फायटेट नावाचा घटक असतो, तो लोहाला बांधून ठेवतो. जेवणानंतरचा चहा उरलेसुरले अडवितो. दूध व दह्यातील कॅल्शियमही शोषणात आड येते. त्यात आपल्याकडे चातुर्मासात व पर्वतिथींना पालेभाज्या वर्ज्य करण्याची प्रथा पाळणारी अनेक कुटुंबे आहेत. धर्मपालनाला येथे दोष देण्याचा हेतू नाही. पण वर्षातील काही महिने लोहाचा एक मार्ग बंद होत असेल, तर दुसरा मार्ग उघडला पाहिजे, हा साधा हिशेब आहे. खात्यात रोज जमा कमी आणि दरमहा खर्च ठरलेला, अशी स्थिती असली तर शिल्लक कोठून येणार?

शासनाने गोळ्यांचा मार्ग धरला. २०१८ साली सुरू झालेल्या ॲनिमियामुक्त भारत मोहिमेत गर्भवती स्त्रीला चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक गोळी द्यावयाची असते. तीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. गोळी स्वस्त आहे, परिणामकारकही आहे. पण ती घेतली गेली तर. मळमळ, बद्धकोष्ठता, काळे शौच यांमुळे गोळ्यांची पाकिटे कपाटात राहतात. शिवाय घेतलेल्या ६० मिलिग्रॅमपैकी रक्ताच्या कामी येतो तो अंश लहानच असतो. उरलेले लोह आतड्यात पडून राहते आणि तेथे नको त्या जिवाणूंना पोसते. केनियातील तान्ह्या मुलांना लोहयुक्त पूड दिल्यावर त्यांच्या आतड्यात हानिकारक जिवाणूंचे प्रमाण वाढल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर कर्ज मोठे मंजूर झाले, उत्पादक कामाला थोडेच लागले आणि उरलेल्या रकमेने घरात कलह लावला.

मग लोह थेट दह्यातच का मिसळू नये? हा विचार जुना आहे आणि तो सरळ केला तर फसतो. मोकळे लोह दुधातील स्निग्धांशाला खवट करते. चवीला धातूची कडवट झाक येते, रंग बदलतो. केसीन आणि कॅल्शियम लोहाला अडवून धरतात ते वेगळेच. म्हणून लोह सूक्ष्म कणांत आणावयाचे, त्याभोवती एखाद्या प्रथिनाचे किंवा पिष्टाचे अस्तर चढवावयाचे, म्हणजे ते दह्यात असताना गप्प राहील आणि आतड्यात गेल्यावर मोकळे होईल, अशी ही युक्ती आहे.

या वाटेने झालेले दोन प्रयत्न विशेष उल्लेखनीय वाटतात. स्पेनमधील ग्रानाडा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१४ साली दही आणि तत्सम पदार्थांत वापरल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या पृष्ठभागावर लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण बसविले. जिवाणू जिवंत राहिले आणि चक्क चुंबकासारखे वागू लागले. शरीरातील एखाद्या ठिकाणी त्यांचा मागोवा घेता येईल, त्यांना तेथे पाठविता येईल, अशी त्यामागची अपेक्षा आहे. दुसरा प्रयत्न झुरिकचा. तेथील तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली दुधाच्या निवळीतील प्रथिनापासून अतिसूक्ष्म तंतू तयार केले आणि त्यांवर लोहाचे नॅनोकण बसविले. पोटातील रसात तंतू पचतात, लोह सुटे होते आणि ते शोषले जाण्याजोग्या रूपात असते. उंदरांवरील प्रयोगात हे सिद्ध झाले. पुढे त्याच शास्त्रज्ञांनी ओट या धान्याच्या प्रथिनापासून असेच तंतू बनवून थायलंडमधील लोहाची कमतरता असलेल्या स्त्रियांवर चाचणी घेतली आणि शोषण चांगले झाल्याचे त्यांना आढळले. दूध न घेणाऱ्यांनाही चालेल असा हा पर्याय आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

अर्थात हे सर्व अद्याप प्रयोगशाळेच्या आणि लहान चाचण्यांच्या पायरीवर आहे. मात्र नॅनोकण औषधात येणार की नाही, हा प्रश्न केव्हाच मागे पडला आहे. कर्करोगावरील एका औषधाला स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म कुप्यांत भरून अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. पुण्यातील जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला भारतात २०२२ साली आपत्कालीन मान्यता मिळाली, तिच्यातही नॅनो आकाराच्या स्निग्ध कणांचा आधार आहे. आणि ज्या गर्भवती स्त्रियांना गोळी सोसत नाही त्यांना रुग्णालयांत शिरेवाटे दिले जाणारे आयर्न सुक्रोज हे तरी दुसरे काय आहे? काही नॅनोमीटर आकाराचा लोहाचा गाभा आणि त्याभोवती साखरेचे वेष्टन. परभणी जिल्ह्यातील कित्येक स्त्रियांनी नॅनोऔषध घेतलेले आहे; त्यांना ते नाव कोणी सांगितलेले नाही.

शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधासाठी सलाईन, परिचारिका, खाट लागते. तेच काम सकाळच्या वाटीभर दह्याने झाले तर, हा मोह समजण्यासारखा आहे.

लोहाखेरीज आणखी दोन गोष्टींचा उल्लेख करावयास हवा. पहिली हळद. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत वसमत हे परभणी जिल्ह्यातच होते आणि वसमतची हळदीची बाजारपेठ आपल्या व्यापाऱ्यांच्या पिढ्यांच्या ओळखीची आहे. ओली हळद कंदमूळ म्हणून वर्ज्य, वाळलेली चालते, हा आपला विवेकही सर्वांना ठाऊक आहे. हळदीतील कुर्क्युमिन हा गुणकारी घटक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे चमचाभर हळद खाल्ली तरी रक्तात अत्यल्प पोहोचते. केसीनच्या थैल्यांच्या आत मात्र तो सुखाने राहतो. म्हणून दुधाच्या प्रथिनात कुर्क्युमिन भरण्यावर जगभर काम चालू आहे. आजीच्या हळद-दुधाला या निमित्ताने शास्त्राचा दुजोरा मिळाला, असे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. कपातील हळद आणि मोजून भरलेले औषध यांत अंतर आहे.

दुसरी गोष्ट बी-१२ जीवनसत्त्वाची, आणि ती लोहाहून कमी महत्त्वाची नाही. हे जीवनसत्त्व ना वनस्पती तयार करतात ना प्राणी; ते केवळ जिवाणू तयार करतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले, तेव्हा ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी आढळले. २००६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. शाकाहार हे त्यामागचे एक मोठे कारण होते. हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, थकवा यांची कारणे दुकानाच्या व्यापात शोधणाऱ्यांनी एकदा रक्तही तपासून घ्यावे. दूध, दही, ताक हाच शुद्ध शाकाहारी माणसाचा बी-१२ चा मुख्य नैसर्गिक आधार आहे आणि हे जीवनसत्त्व स्वतः निर्माण करणारे निवडक जिवाणू आंबवलेल्या पदार्थांत वापरण्याचे प्रयत्न चालू आहेत. येथे नॅनोकणांची गरजही पडणार नाही. जिवाणूच कारखाना आणि जिवाणूच वाहन.

अस्तर कशाचे?

जैन घराने या विषयात सर्वप्रथम विचारावा असा प्रश्न औषधाचा नाही, अस्तराचा आहे. नॅनोकणांभोवतीचे वेष्टन अनेक पदार्थांचे असू शकते. प्रयोगशाळांत फार लोकप्रिय असलेला एक पदार्थ म्हणजे कायटोसान. तो प्रामुख्याने कोळंबी व खेकड्याच्या कवचापासून काढतात. दुसरा जिलेटिन, तो जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून मिळतो. पर्याय नाहीत असे मात्र नाही. दुधाचे केसीन आहे, मक्याचे झेन हे प्रथिन आहे, समुद्रशैवालापासूनचे अल्जिनेट आहे, पिष्ट आहे. कायटोसानही बुरशीपासून बनविता येते, परंतु ते कितपत ग्राह्य याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या गुरुवर्यांना विचारूनच करावा.

दह्याच्या डब्यावर हिरवे चिन्ह असते, म्हणून निश्चिंत राहता येईल काय? अन्नपदार्थावर ते चिन्ह बंधनकारक आहे, औषधावर मात्र तसे बंधन नाही. आणि हिरवे चिन्ह कंदमुळाबद्दल किंवा मधाबद्दल काहीच बोलत नाही, हे आपल्याला अनुभवाने कळलेले आहे. उद्या एखादा पदार्थ अन्न आणि औषध यांच्या सीमेवर उभा राहिला, तर त्याच्या अस्तराची माहिती डब्यावर छापली जाईलच असे गृहीत धरता येत नाही.

विचारल्याने काय होते याचे उदाहरण जवळचे आहे. मिठाईवरील चांदीचा वर्ख पूर्वी जनावरांच्या आतड्याच्या पापुद्र्यांत ठेवून कुटला जाई. शाकाहारी समाजाने, त्यात जैन समाज अग्रभागी होता, वर्षानुवर्षे हा प्रश्न लावून धरला. २०१६ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्खाच्या निर्मितीत कोणत्याही टप्प्यावर प्राणिज द्रव्य वापरू नये असा नियम काढला. त्यावरून न्यायालयात वादही झाला. परंतु यंत्रावर तयार केलेला वर्ख आज मिठाईच्या दुकानात सहज मिळतो तो मागणीमुळे. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही अन्नपदार्थातील प्रत्येक घटक, तो कितीही अल्प प्रमाणात असो, वनस्पतिज आहे की प्राणिज हे उत्पादकाने स्पष्ट सांगितले पाहिजे, असे सांगितले. औषधी व पूरक आहाराची एजन्सी घेणाऱ्या आपल्या तरुण व्यापाऱ्यांनी कंपनीच्या प्रतिनिधीला कमिशनची टक्केवारी विचारण्यापूर्वी हा एक प्रश्न लेखी विचारावा. उत्तर लेखी येत नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

दुसरी अडचण मर्यादेची आहे आणि तिचा विचार संशोधकांनी केलेला असण्याचा संभव कमी. दिगंबर परंपरेत दह्याची मर्यादा सामान्यतः २४ तासांची मानतात; श्वेतांबर परंपरेत दोन रात्री उलटलेले दही अभक्ष्य ठरते. कारखान्यातून निघालेले, शीतपेटीतून प्रवास करून आलेले, डब्यावर पंधरा-वीस दिवसांची मुदत छापलेले औषधी दही मर्यादा पाळणाऱ्या घरात येऊच शकत नाही. त्यातील लोह कितीही गुणी असो. तेव्हा आपल्यासारख्यांसाठी तयार दह्याऐवजी विरजणच यावयास हवे. जिवाणूंची कोरडी पूड आज दुग्धव्यवसायात सर्रास वापरली जाते. अस्तर चढविलेले लोह आणि विरजणाची पूड एकाच पुडीत मिळाली, तर गृहिणी ती आपल्या घरच्या तापविलेल्या दुधात सोडील, सकाळी दही होईल आणि सूर्यास्तापूर्वी संपेल. विज्ञानाचेही राहील, मर्यादेचेही राहील. हरभऱ्याच्या किंवा मुगाच्या पदार्थाबरोबर कच्चे दही घेऊ नये हा द्विदलाचा नियम अशा दह्यालाही लागू राहीलच.

चांदीच्या रुपयाविषयी एक खुलासा येथे करणे बरे. चांदीच्या नाण्यातून नॅनोचांदी दुधात उतरते आणि म्हणून ते दही औषधी, असा समज अलीकडे पसरविला जातो. चांदीचे सूक्ष्म कण जिवाणू मारतात, हे खरे आहे आणि जखमेवरील मलमांत त्यांचा उपयोगही होतो. परंतु दही तर जिवाणूंनीच लागते! नाण्यातून तेवढी चांदी उतरली असती तर दूध नासले असते किंवा तसेच राहिले असते. नाणे, भांडे आणि हवा यांवरील जिवाणू दह्याचे काम करतात. रुपया शुद्धतेच्या नियमासाठी असतो, औषधासाठी नव्हे.

नॅनो म्हणजे चांगलेच, असेही नाही. खाद्यपदार्थाला शुभ्रता आणणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये नॅनो आकाराचे कण असतात. वर्षानुवर्षे तो मिठाया, च्युइंगगम आणि गोळ्यांच्या वेष्टनांत वापरला गेला. २०२१ साली युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने तो सुरक्षित मानता येणार नाही असे मत दिले आणि २०२२ साली युरोपीय संघाने अन्नात त्यावर बंदी घातली. जो कण शरीरात सहज शिरतो, तो नको तेथेही सहज शिरू शकतो. भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ साली नॅनोऔषधांच्या आणि २०२० साली शेती व अन्नातील नॅनोपदार्थांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कोणी नॅनो नाव लावून डबा विकावयास आला, तर त्याची चाचणी या तत्त्वांनुसार झाली आहे काय, असे विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आणि दुकानदाराला आहे. आणखी एक सावधगिरी: हिमोग्लोबिन कमी म्हणजे नेहमी लोह कमी असे नसते. थॅलेसेमियाचा गुण असलेल्या व्यक्तीत किंवा बी-१२ च्या अभावातही ते कमी दिसते. तपासणीवाचून लोह वाढवीत राहणे शहाणपणाचे नव्हे, मग ते गोळीतून असो वा दह्यातून.

परभणीचे दोन धागे

या सगळ्यात परभणीचे स्थान काय? १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाणारे मराठवाडा कृषी विद्यापीठ येथे आहे. त्याच्या अंतर्गत १९७६ साली सुरू झालेले अन्नतंत्र महाविद्यालय आहे. अन्नतंत्राचे स्वतंत्र शिक्षण देणारी महाविद्यालये देशात बोटांवर मोजण्याइतकी होती त्या काळातले ते आहे. परगावचे लोक परभणीला ज्वारी-कापसाचा जिल्हा म्हणतात तेव्हा हे विसरतात. आणि ज्वारी म्हणाल तर त्या ज्वारीतच एक गोष्ट आहे. २०१८ साली या विद्यापीठाने हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेला ‘परभणी शक्ती’ हा वाण प्रसारित केला. भारतातील हा पहिला जैवसंपृक्त ज्वारीचा वाण. त्यात प्रतिकिलो ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त आहे. साधारण वाणांत हे प्रमाण ३० आणि २० च्या आसपास असते. दिवसाकाठी दीडशे ग्रॅम पीठ पोटात जात असेल, तर केवळ वाण बदलल्याने दोन मिलिग्रॅमहून अधिक लोह जास्त मिळते. मोंढ्यात ज्वारीची खरेदी करणाऱ्या आणि किराण्यात ज्वारी विकणाऱ्या मंडळींनी हा माल वेगळा ठेवून वेगळ्या नावाने विकावयास काय हरकत आहे? वेगळी वेष्टने करून विकला तर त्याला चार पैसे अधिकही मिळतील.

हे लोह फायटेटच्या तावडीतून सोडविण्याचा जुना उपाय म्हणजे पीठ अंबविणे. मराठवाड्याच्या घरांत उन्हाळ्यात आंबील होते. ज्वारीचे पीठ थोड्या ताकात कालवून ठेवले की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू कामाला लागतात, आम्लता वाढते, पिठातील फायटेज हे विकर जागे होते आणि ते लोहाला बांधून ठेवणारा फायटेट तोडू लागते. लोह सुटे होते आणि आम्लामुळे विरघळलेले राहते. झुरिकच्या प्रयोगशाळेतील तंतूंनी जे साधले त्याचा एक छोटा अंश येथे ज्वारीच्या पिठाने साधतो.

ज्या घरांत रात्र उलटलेले पीठ चालत नाही त्यांची आंबील बहुधा या कारणाने सुटली असावी. पण परभणीचा एप्रिल-मे हा ४० अंशांच्या वरचा असतो आणि त्या उकाड्यात पीठ अंबावयाला रात्र लागत नाही. सकाळी दर्शनाहून आल्यावर त्याच दिवशीच्या ताकात ज्वारीचे पीठ कालवून झाकून ठेवले, तर दुपार कलेपर्यंत त्याला आंबटसर वास येतो. ज्वारी हे एकदल धान्य असल्याने द्विदलाचाही प्रश्न येत नाही. चार वाजता ते उकळत्या पाण्यात सोडून शिजवावे, मीठ-जिरे घालावे, लसूण नकोच असतो; निवल्यावर वरून अर्धे लिंबू पिळावे, कारण क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढविते, आणि ते शिजवून घालवू नये. सूर्यास्ताच्या आत वाट्या रिकाम्या होतात. त्यानंतरचा चहा तासाभराने, आणि चौविहार असेल त्या घरात तो प्रश्नच उरत नाही.